ऱ्होड्सचा कोट बघायचा तर आधी खंदकात उतरा

ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरच्या जुन्या शहरात शिरायला बरेच दरवाजे आहेत, पण बहुतेक पाहुणे बंदरावरच्या सागरी दरवाजातून आत जातात. क्रूझची जहाजं तिथून चालण्याच्या अंतरावर लागतात, दोन भक्कम बुरुजांमधली ती कमान देखणी आहे, आणि आत पाऊल टाकलं की समोर दुकानंच दुकानं. पहिल्या खेपेला मीही तशीच गेले होते. टूरवाल्यांनी अडीच तास दिले होते. त्यातला तासभर सोक्रातूस रस्त्यावरच्या गर्दीत गेला, उरलेल्या वेळात राजवाडा पळत पळत पाहिला, आणि जहाजावर परतताना लक्षात आलं की ज्या तटबंदीसाठी एवढ्या लांब आले, ती मी बाहेरून धड पाहिलीच नव्हती.

दुसऱ्यांदा गेले ती बाबांना घेऊन, ऑक्टोबरात, चार मुक्कामांसाठी. बाबांनी उभं आयुष्य सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेत. आता सत्तरी आली आहे आणि उजवा गुडघा त्रास देतो, पण तटाचा दगड दिसला की ते थांबत नाहीत. हॉटेलात सामान टाकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खंदक कुठून सुरू होतो?" त्या एका प्रश्नानं आमचे चारही दिवस मार्गी लागले. म्हणून तुम्हालाही तेच सांगते. ऱ्होड्स बघायचं असेल तर आधी खंदकात उतरा, म्हणजे शत्रूच्या बाजूनं शहर बघा. मग दरवाजातून आत या, आणि तटावर सगळ्यात शेवटी चढा.

त्याआधी थोडी तयारी. ऱ्होड्स ग्रीसमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा आणि युरो. अथेन्सहून विमानानं तासाभरात पोचता येतं, किंवा पिरेअस बंदरातून रात्रभराच्या बोटीनं. बोटीनं आलात तर शहराचं पहिलं दर्शन समुद्रातून होतं, आणि ते विमानात मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. उन्हानं दगड तापतो आणि गल्ल्यांमधून चालवत नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम.

राहायचं मात्र कोटाच्या आतच. त्यातही सोक्रातूस रस्त्याच्या दक्षिणेला, कोस्किनू दरवाजाच्या अंगाला खोली बघा. तिथे रात्री शांत असतं. आतल्या गल्ल्यांमधून टॅक्सी सहसा येत नाही, दरवाजापाशी सोडते, आणि तिथून पुढे रस्ता म्हणजे उभे रोवलेले गोल गोटे. या गोट्यांच्या फरसबंदीला तिथे होखलाकी म्हणतात. चाकांची बॅग त्यावर चालत नाही, उड्या मारते. पाठीवरची सॅक घ्या. आणि बूट जाड तळव्याचेच घाला. पातळ चपलांनी पहिल्याच संध्याकाळी माझ्या टाचा ठणकायला लागल्या होत्या, आणि बाबा त्यांच्या जुन्या ट्रेकिंगच्या बुटांत आरामात चालत होते.

एवढा कोट कुणी आणि कशासाठी बांधला हे थोडक्यात माहीत हवं. शहर मूळ इ.स.पू. ४०८चं, आखीव चौकटीत वसवलेलं. आज दिसतो तो कोट मात्र मुख्यतः सेंट जॉनच्या नाइट्सचा. जेरुसलेममध्ये आजारी यात्रेकरूंची सेवा करणारा हा पंथ पुढे लढवय्या झाला, आणि पवित्र भूमीतून बाहेर पडावं लागल्यावर त्यानं १३०९ मध्ये ऱ्होड्सला ठाणं केलं. दोनशेवर वर्षं ते इथे टिकले. १४८० मध्ये ऑटोमन तुर्कांच्या फौजेनं वेढा घातला, तो त्यांनी परतवला. १५२२ मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला आणि सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर पडलं. १५२३च्या १ जानेवारीला नाइट्स गलबतांत बसून निघून गेले आणि काही वर्षांनी माल्टाला स्थिरावले. मग १९१२ पर्यंत ऑटोमन, त्यानंतर इटालियन, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस. १९८८ पासून हे शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

यातली दोन सालं डोक्यात पक्की ठेवा: १४८० आणि १५२२. या दोन वेढ्यांच्या मधल्या बेचाळीस वर्षांत कोट कसा बदलला, हे खंदकात उभं राहिल्यावर अक्षरशः वाचता येतं.

खंदकात उतरायचं ते दांबुआझ दरवाजाच्या बाहेरून. सकाळी आठ-साडेआठला या. खंदकाला तिकीट नाही. शहराच्या पश्चिमेकडून दक्षिणेला वळसा घालत तो साधारण अडीच किलोमीटर चालता येतो, आणि चालताना तट कायम डाव्या हाताला राहतो. पश्चिमेचा भाग सकाळी सावलीत असतो, म्हणून ही वेळ. शिवाय खाली गवत आणि माती आहे, चढउतार जवळजवळ नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी अख्ख्या ऱ्होड्समधली ही सगळ्यात सोपी वाट आहे. बाबा खंदकात दोन तास चालले आणि एकदाही बसले नाहीत.

हा खंदक पाण्याचा नव्हता, कोरडाच होता. खाली उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी दगड अंगावर येतो. डावीकडे तट, उजवीकडे खंदकाची बाहेरची भिंत, आणि वर आकाशाचा पट्टा. दगड गुळाच्या ढेपेच्या रंगाचा. आत उतरलेल्या शिपायाला पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही, हे शब्दांत सांगावं लागत नाही. काही ठिकाणी खंदक दुहेरी आहे, मधे एक सुटी, रुंद भिंत उभी. म्हणजे पहिला खंदक ओलांडून, मधली भिंत घेऊन, हुश्श करावं तर पुढे दुसरा खंदक.

गवतात जागोजागी दगडी तोफगोळे पडलेत. काही नारळाएवढे, काही दोन हातांच्या कवेत न मावणारे. एका मोठ्या गोळ्यावर मी हात फिरवला. लांबून गुळगुळीत वाटला होता, पण छिन्नीचे बारीक टवके बोटांना लागत होते. कुणीतरी बसून तो घडवला होता, तोफेच्या तोंडात नीट बसेल असा. बाबा म्हणाले, "याच्यासाठीच भिंत जाड करावी लागली." आणि खरंच, तोफा सुधारत गेल्या तसा तट फुगत गेला. काही ठिकाणी त्याची जाडी १२ मीटरपर्यंत आहे.

सेंट जॉर्जच्या बुरुजापाशी थांबा. भिंतीत घोड्यावरच्या सेंट जॉर्जचं शिल्प आहे, त्यावरून ओळखू येतो. मूळ बुरूज चौकोनी आणि उंच, तोफांच्या आधीच्या काळातला. त्याच्याभोवती पुढे बुटका, रुंद, कोनाकोनांचा दुसरा बांध घातला. बाबा वर बघत म्हणाले, "अगं, हा तर चिलखती बुरूज! आतला जुना, बाहेरचा त्याचं चिलखत." आपल्याकडे राजगडावर जे दुहेरी बांधकाम बघून आपण मान डोलावतो, त्यामागचा विचार इथल्यासारखाच आहे. बाहेरचं कवच फोडलं तरी आतला शाबूत राहावा.

तटावर बसवलेल्या संगमरवरी ढाली मोजत चला. जोडीनं असतात. एक पंथाच्या साध्या क्रॉसची, दुसरी त्या वेळच्या ग्रँड मास्टरची, म्हणजे पंथप्रमुखाची. ज्याच्या काळात तो भाग बांधला किंवा डागडुजी झाली, त्याची ढाल तिथे. पिएर दोब्युसाँची ढाल इतक्या ठिकाणी दिसते की थोड्या वेळानं लांबूनच ओळखता येते. तिच्यावरच्या क्रॉसची टोकं जहाजाच्या नांगरासारखी दुभंगलेली आहेत. १४८०चा वेढा त्यानंच परतवला, स्वतः जखमी होऊन. वेढ्याच्या पुढच्याच वर्षी भूकंप झाला. तोफांनी आणि भूकंपानं पाडलेलं त्यानं पुन्हा उभं केलं, आधीपेक्षा जाड.

नाइट्स युरोपभरातून आलेले, म्हणून त्यांचे भाषेनुसार गट होते आणि तटाचा एकेक तुकडा एकेका गटानं सांभाळायचा. दांबुआझ दरवाजापासून तुम्ही चालू लागलात की आधी जर्मनीचा पट्टा लागतो, मग ओव्हेर्न्यचा, मग स्पेनचा, मग इंग्लंडचा, पुढे प्रोव्हान्स आणि शेवटी इटली. इंग्लंडच्या पट्ट्यात, म्हणजे सेंट अथानासिओस दरवाजा आणि कोस्किनू दरवाजा यांच्या मधे, सावकाश चाला. १५२२च्या ४ सप्टेंबरला इथल्या बुरुजाखाली सुरुंग उडाला आणि तटाला भगदाड पडलं. ऑटोमन सैन्य जमिनीखालून बोगदे खणत येत होतं. आत गाब्रिएले तादिनी नावाचा इटालियन अभियंता होता. त्यानं ताणलेल्या कातड्याचे ढोल लावले आणि त्यांना लहान घंटा बांधल्या. जमिनीखाली कुदळ पडली की कातडं थरथरायचं आणि घंटा वाजायची, मग आतून उलटा बोगदा खणून शत्रूचा बोगदा गाठायचा. तिथे उभं राहून बाबांनी बुटाची टाच दोनदा जमिनीवर आपटली आणि कान दिला. मीही दिला. वेढ्याच्या इतक्या तपशिलात जायची कुणाला आवड नसेल, पण त्या जागेवर या घंटा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

सेंट अथानासिओस दरवाजाबद्दल असं सांगतात की सुलेमान यातूनच शहरात शिरला आणि नंतर त्यानं तो बुजवून टाकला, म्हणजे दुसऱ्या कुणी विजेत्यानं यातून येऊ नये. आख्यायिका आहे, तशीच ऐका.

खंदकाची वाट पूर्वेला अकांदियाच्या बाजूला संपते. दक्षिणेच्या भागात सावली राहत नाही, पाण्याची बाटली जवळ हवी. खाली दुकानं नाहीत.

आता दरवाजा. खंदकातून वर आलात की थेट जवळच्या दारातून आत शिरू नका. त्या दिवशी थांबा, विसावा घ्या, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा दांबुआझ दरवाजाशी या. १५१२ मध्ये ग्रँड मास्टर एमेरी दांबुआझनं तो बांधला. दोन अजस्र गोल बुरूज, मधे बुटकी कमान, वर देवदूतानं धरलेली ढाल. कमानीतून आत गेलात की वाट सरळ जात नाही. अंधाऱ्या बोळातून एकदा एकीकडे वळते, मग दुसरीकडे. ज्यांनी आपले गोमुखी दरवाजे पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. ओंडका घेऊन धावत येणाऱ्यांचा वेग इथेच मोडतो. आणि एवढं करून बाहेर आलात तर तुम्ही शहरात नाहीच. पुढे आतला खंदक, पूल आणि सेंट अँथनीचा दरवाजा. या मधल्या जागेत झाडांखाली चित्रकार बसलेले असतात, माणसांचे चेहरे काढून देतात. दोन मिनिटं तिथे थांबून मागे वळून बघा, कारण हल्लेखोर इथे उभा असता तर चारही बाजूंनी मारा झाला असता.

आतल्या शहराचे दोन भाग. उत्तरेचा लहान तुकडा नाइट्सचा, त्याला कोलाकियम म्हणायचे. आपल्या भाषेत बालेकिल्ला. दक्षिणेचा मोठा भाग सामान्य लोकांचा, बुर्गो. मधे भिंत होती.

ग्रँड मास्टरचा राजवाडा बघा, पण जे दिसतं ते जुनं समजू नका. १८५६ मध्ये शेजारच्या चर्चखाली साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि राजवाडा मोडकळीला आला. आजची इमारत इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये उभारली. आतल्या फरश्या मात्र खऱ्या जुन्या आहेत, कोस बेटावरून उचलून आणलेल्या मोझेक. मेड्युसाचा चेहरा असलेली शोधा. तासभर पुरे.

त्यापेक्षा जास्त वेळ नाइट्सच्या रुग्णालयाला द्या. आज ते पुरातत्त्व संग्रहालय आहे. बांधकाम १४४० मध्ये सुरू झालं आणि दोब्युसाँच्या काळात पुरं झालं. वरच्या मजल्यावरचा मोठा कक्ष, मधोमध खांबांची ओळ, एका बाजूला बाहेर डोकावणारं छोटं प्रार्थनास्थळ, म्हणजे खाटेवर पडल्यापडल्या रुग्णाला प्रार्थना ऐकता यावी. तलवारी घेऊन लढणारे हेच लोक रुग्णांच्या सेवेची शपथ घेतलेले होते, हे खंदक आधी पाहिलेला असला तर फार वेगळं वाटतं. बाबा त्या खोलीत बराच वेळ गप्प बसून होते. खाली चौकातही दगडी गोळ्यांची रास आहे.

रुग्णालयापासून राजवाड्याकडे चढणारा इप्पोतोन रस्ता म्हणजे नाइट्सचा रस्ता. दोनशे मीटरच्या आसपास, नाकासमोर सरळ, कारण तो प्राचीन आखणीवरच बसलेला आहे. दोन्ही बाजूंना भाषागटांची अतिथिगृहं. फ्रान्सचं सगळ्यात नटलेलं. दिवसा इथे टूरवाल्यांचे झेंड्यामागून झेंडे जातात. क्रूझची माणसं साधारण नऊ ते चार या वेळात असतात, म्हणून हा रस्ता सकाळी सातला किंवा रात्री जेवणानंतर चाला. रात्री दिवे मंद असतात, दुकानं नाहीत, आणि गोट्यांवर फक्त आपल्याच बुटांचा आवाज येतो. माझा सगळ्यात आवडता अर्धा तास तो.

तटावरची वाट राजवाड्याच्या आवारातून चढते आणि कोस्किनू दरवाजापाशी उतरते. ती ठरावीक दिवशी, मोजकेच तास उघडी असते आणि वेगळं तिकीट लागतं. पहिल्याच दिवशी राजवाड्याच्या खिडकीवर विचारून घ्या आणि त्याप्रमाणे बाकीचे दिवस बसवा. फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. टोपी हवीच. वरून एका हाताला तुम्ही चाललेला खंदक दिसतो आणि दुसऱ्या हाताला लोकांची अंगणं, लिंबाची झाडं, वाळत घातलेल्या चादरी, मिनार. खंदक आधी पाहिल्याचा फायदा इथे कळतो. खाली ज्या जागी मान वर करून बघत होतात, तीच जागा आता जंग्यांमधून, म्हणजे मारा करायच्या भोकांमधून, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. बाबांनी वरून बोट दाखवलं, "तो बघ, काल तू हात फिरवला होतास तो गोळा."

बुर्गोमध्ये नकाशा खिशात ठेवा. सोक्रातूस रस्त्याच्या वरच्या टोकाला गुलाबी सुलेमान मशीद, तिच्यासमोर १७९३चं हाफिज अहमद आगाचं ग्रंथालय, अंगणात गोट्यांची काळी-पांढरी नक्षी. तिथून दक्षिणेला कुठल्याही गल्लीत वळा. दोन घरांच्या मधे डोक्यावरून दगडी कमानी गेलेल्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. भूकंपात घरांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून त्या घातल्या आहेत. ऑटोमन काळात ख्रिस्ती रहिवाशांना कोटाबाहेर वस्ती करावी लागली, दिवसा कामाला आत आणि सूर्यास्ताला बाहेर. या गल्ल्यांमधून संध्याकाळी चालताना ते मनात येतं.

पूर्वेकडचा ज्यू मोहल्ला टाळू नका. समुद्री घोड्यांचं कारंजं असलेला चौक आता ज्यू हुतात्म्यांचा चौक आहे. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी इथल्या सोळाशेहून अधिक ज्यूंना बोटींत भरून आउशविट्झला पाठवलं. परत जिवंत उरले ते दीडशेच्या आसपास. चौकात काळ्या दगडाचा सहा बाजूंचा स्तंभ आहे, वेगवेगळ्या भाषांत मजकूर कोरलेला. जवळच १५७७चं काहाल शालोम सिनेगॉग, ग्रीसमधलं वापरात असलेलं सगळ्यात जुनं. लागून छोटं संग्रहालय आहे, कुटुंबांचे फोटो आहेत. चौकाच्या कडेला खाण्याची दुकानं आहेत, पण आधी सिनेगॉग बघा, मग खायला बसा.

खाण्यात शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. पितारूदिया मागा, भिजवलेल्या हरभऱ्यांची, कांदा-पुदिना घातलेली भजी. चौकांतल्या भपकेदार पाट्यांपासून लांब, मागच्या गल्लीतल्या चार टेबलांच्या जागी जास्त चांगली मिळतात. आणि निघताना मेलेकूनी घ्या. तीळ, मध आणि बदामाची वडी, संत्र्याच्या सालीचा वास असलेली, शंकरपाळ्यासारखी कापलेली. तिथे लग्नात वाटतात. बाबांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि सरळ दोन पाकिटं उचलली.

शेवटची संध्याकाळ मान्द्राकी बंदरासाठी ठेवा. धक्क्यावर तीन पवनचक्क्या, टोकाला सेंट निकोलसचा दुर्ग, आणि तोंडाशी दोन खांबांवर हरीण आणि हरिणी. सूर्यदेवाचा तो प्रसिद्ध पुतळा, कोलोसस, इथेच पाय फाकून उभा होता असं सांगतात. उंची साधारण ३३ मीटर, आणि इ.स.पू. २२६च्या भूकंपात तो कोसळला, एवढं खरं. कुठे उभा होता त्याचा पुरावा नाही. परतीची बोट असेल तर मागच्या डेकवर जागा धरा. बोट वळते तेव्हा सागरी दरवाजा, मशिदीचा मिनार आणि राजवाडा एका ओळीत येतात, आणि तटाचा गुळासारखा दगड काळपट होईपर्यंत दिसत राहतो. बाबा थंडीत मफलर गुंडाळून तिथेच उभे होते, हातात मेलेकूनीचं फोडलेलं पाकीट.